अधिष्ठातापदासाठी अर्ज करू का? पात्रता आहे, पण मन धजत नाही

रानजाई

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं नुसती वाचत आले आहे. आज लिहिते आहे, कारण अर्जाची शेवटची तारीख जवळ आली आहे आणि घरी-कॉलेजात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी 'तुम्ही बघा' यापलीकडे काही सांगितलं नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. कॅसमधून, म्हणजे सेवेतल्या बढतीच्या योजनेतून, प्रोफेसर होऊन काही वर्षं झाली. आमच्या विद्यापीठात नवीन कुलगुरू आले, त्यामुळे चारही विद्याशाखांच्या अधिष्ठातापदांची, म्हणजे डीनच्या जागांची, जाहिरात निघाली आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेच्या जागेचे सगळे निकष मी पूर्ण करते. अनुभवाची वर्षं, शोधनिबंध, संशोधन गुण, पीएचडी झालेले विद्यार्थी, कशातच कमी नाही.

अर्जाच्या नमुन्यात 'प्रशासकीय अनुभव व शैक्षणिक नेतृत्व' असा रकाना आहे, जवळजवळ पानभर मोकळा. त्यात मी 'विभागप्रमुख' एवढं लिहिलं आणि हात थांबला. याच पदासाठी आमच्याच कॉलेजातले एक सर अर्ज करताहेत. माझ्याहून सेवेत कनिष्ठ आहेत, माणूस चांगला आहे. मराठी शुद्धलेखन तपासायला त्यांनी मला त्यांचा अर्ज दिला. त्यांच्या त्याच रकान्याला पुरवण्या जोडल्या आहेत. त्यात आमच्या कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाचं, म्हणजे दर्जाच्या तपासणीचं, नेतृत्व केल्याचं लिहिलं आहे. ते काम पाहणाऱ्या आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची, समन्वयक मी होते. ते सातपैकी एका निकषाच्या समितीत होते. मी शुद्धलेखन तपासून कागद परत दिले, काही बोलले नाही. रात्री मात्र विचार करत राहिले की त्यांना जे लिहायला सुचलं ते मला का सुचलं नाही.

मला भीती कशाची वाटते तेही सांगते. वर्गात किंवा बालाघाटच्या डोंगरात मुलांना घेऊन फिरताना मला कधीच भीती वाटली नाही. गवतांच्या जाती ओळखण्यात मी कुणाला हार जाणार नाही. पण अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, प्रश्नोत्तरांच्या वेळी कसा आवाज चढतो ते मी पाहिलं आहे. विद्यार्थी संघटना दालनासमोर ठिय्या देतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फाइलवर काय लिहायचं ते मला माहीत नाही. अभ्यासक्रमांचे निर्णय घेणाऱ्या विद्या परिषदेत बोलायला हात वर करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. शिवाय विद्यापीठ इथून लांब, रोज जाऊन-येऊन करता येणार नाही. मुलगा बारावीला आहे, सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. ते नको म्हणत नाहीत, पण कर असंही म्हणत नाहीत.

आधी आत्मविश्वास यावा आणि मग अर्ज करावा, असं मी आजवर धरून चालले. ज्या बायका अशा पदांवर पोचल्या, त्यांना अर्ज करताना 'मला जमेल' असं आतून वाटत होतं का? कुणी स्वतःचा अनुभव सांगेल का?

---

पळसबन

रानजाई, मी विदर्भातल्या एका विद्यापीठात आधी परीक्षा व मूल्यमापन मंडळाची संचालक होते, नंतर अधिष्ठाता. आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: नाही, वाटत नव्हतं. उन्हाळी परीक्षा तोंडावर असताना आधीच्या संचालकांनी पद सोडलं. कुलगुरूंनी मला दालनात बोलावलं आणि अतिरिक्त कार्यभाराचा आदेश हातात ठेवला. मी सांख्यिकीची शिक्षिका. प्रश्नपत्रिका काढणं आणि उत्तरपत्रिका तपासणं एवढीच माझी परीक्षेशी ओळख. घरी येऊन यजमानांना म्हटलं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

मग सकाळी ऑफिसला गेले आणि कायदा उघडला. विद्यापीठाने निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचा, असं त्यात आहे. मला तेवढा एक धागा पुरला. ४५ व्या दिवसापासून उलटं मोजत आले. गुणांची यादी कधी हवी, म्हणजे मूल्यांकन केंद्र कधी सुरू व्हायला हवं, म्हणजे परीक्षकांचे आदेश कधी निघायला हवेत. कोणत्या विषयाला परीक्षक कमी पडतात ते विभागातल्या बाबूंना तोंडपाठ होतं, त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. सगळे निकाल वेळेत लागले असं नाही, पण कुठे अडलं आणि का अडलं हे मला प्रत्येक वेळी सांगता येत होतं. अधिसभेत उभी राहिले तेव्हा माझ्या हातात तारखा होत्या. आवाज चढवणारे सदस्यही तारखा ऐकायला लागले की खाली बसतात, हा माझा अनुभव आहे.

फाइलवर काय लिहायचं ते मला एका कक्ष अधिकाऱ्यांनी शिकवलं. टिपणीचा भाग वेगळा, पत्रव्यवहाराचा वेगळा, मागच्या ठरावांना पताका लावलेली असलीच पाहिजे. नसेल तर 'पूर्वीचा संदर्भ जोडून फेरसादर करावे' असं लिहून खाली सही आणि तारीख. आठवड्याभरात हात बसतो. तुम्ही गवतांच्या जाती ओळखता म्हणता. तुसाची लांबी आणि कणसाची ठेवण बघून जात ठरवणाऱ्या बाईला फाइल अवघड जाईल हे मला पटत नाही.

आता तो रकाना. आयक्यूएसीच्या समन्वयक होतात म्हणजे तुम्ही काय केलंत ते जरा आठवा. सात निकषांचं काम माणसांना वाटून दिलं. जे माहिती देत नव्हते त्यांच्याकडून ती मिळवली, त्यात तुमच्याहून ज्येष्ठ लोकही असणार. संस्थेकडून खर्च मंजूर करून घेतला. स्वयं-अध्ययन अहवाल लिहिला आणि बाहेरून आलेल्या समितीच्या प्रश्नांना उत्तरं दिली. याला प्रशासकीय अनुभव म्हणतात, दुसरं नाव नाही. हे सगळं वर्षांसकट लिहा आणि नियुक्तीचं पत्र जोडा. मूल्यांकन केंद्रावर मुख्य परीक्षक होतात का? भरारी पथकात होतात? दुसऱ्या कॉलेजच्या संलग्नीकरणासाठी स्थानिक चौकशी समितीवर गेलात? एनएसएसचं शिबिर घेतलंत? अभ्यास मंडळावर असाल तर नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम तुमच्याच हाताखालून गेला असेल. संलग्न कॉलेजांत तो २०२४-२५ पासून लागू झाला, आणि मेजर, मायनर, खुला वैकल्पिक, कौशल्याधारित अशा विषयगटांची क्रेडिटं जुळवताना लोकांच्या नाकी नऊ आले. ते ज्यांनी केलं त्यांना अधिष्ठात्याचं अर्धं काम आधीच येतं. अधिष्ठाता दुसरं काय करतो? विद्याशाखेतल्या अभ्यास मंडळांना एका वेळापत्रकात चालवतो, अभ्यासक्रम विद्या परिषदेपुढे ठेवतो, संशोधन केंद्रं आणि मार्गदर्शकांच्या मान्यतेची प्रकरणं पाहतो, शैक्षणिक तपासणी करतो.

दुसरं, आपल्याकडे या वाटेनं गेलेल्या बायका आहेत आणि त्या एका साच्याच्या नाहीत. इरावतीबाई कर्वे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत, पण डेक्कन कॉलेजात जाण्याआधी १९३१ ते १९३६ या काळात त्या महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. माधुरीबेन शहा मुंबई महापालिकेच्या शिक्षणाधिकारी होत्या, मग एसएनडीटीच्या कुलगुरू झाल्या आणि १९८१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष. स्नेहलता देशमुख बालशल्यविशारद. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या, तिथून १९९५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याच्या आईचं नाव यावं यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. मृणालिनी फडणवीस नागपूरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या, २०१८ मध्ये सोलापूर विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. डॉ. माधुरी कानिटकर तर लेफ्टनंट जनरल पदावरून थेट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात कुलगुरू म्हणून आल्या, २०२१ मध्ये. कुणी रुग्णालय चालवलं, कुणी शाळाखातं, कुणी कॉलेज. आधी कुठे तरी कारभार हातात आला आणि त्यातून पुढची पायरी दिसली. तुमच्या हातात तो कारभार कधीचाच आहे, नाव मात्र लागलेलं नाही.

सरांच्या अर्जाबद्दल. तुमच्या नियुक्तीपत्राची प्रत जोडली की निवड समितीला दोन अर्ज शेजारी ठेवून आपोआप कळेल. त्यांच्याशी भांडायची गरज नाही, पण तुमच्याकडून ती प्रत वगळली जाऊ देऊ नका.

---

समास

पळसबन यांचा प्रतिसाद आवडला, तरी मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. 'बायकांना आत्मविश्वास कमी असतो' ही चर्चा सुरू झाली की मी अस्वस्थ होते. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यशस्वी बायकांबद्दल लिहिलं, की त्यांना आपलं यश खरं वाटत नाही, आपण कधीतरी उघडे पडू असं वाटत राहतं. तेव्हापासून सगळा उपाय बाईच्या मनातच शोधला जातो. कार्यशाळा घ्या, तिला बोलतं करा, तिला उभं राहायला शिकवा. शिडीच्या पायऱ्या किती अंतरावर ठोकल्या आहेत ते कुणी मोजत नाही.

मी मोजते. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार कुलगुरू व्हायला विद्यापीठात प्रोफेसर म्हणून दहा वर्षं हवीत, किंवा तशाच दर्जाच्या संशोधन वा शैक्षणिक प्रशासनातला अनुभव. आता मागे या. कॅसमध्ये पीएचडी असलेल्या सहायक प्राध्यापकाला पहिली बढती चार वर्षांनी, दुसरी त्यानंतर पाच वर्षांनी, मग तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, आणखी तीन वर्षांनी प्रोफेसर. सगळं वेळच्या वेळी झालं तर पंधरा वर्षं. त्यावर दहा. म्हणजे पंचवीस. महाराष्ट्रात अध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. पस्तिसाव्या वर्षी मान्यताप्राप्त पूर्णवेळ नोकरी मिळाली आणि एकदाही गाडी थांबली नाही, तर निवृत्तीच्या दिवशी तुमची दहा वर्षं भरतात. पीएचडी नसेल तर पहिलीच बढती चारऐवजी सहा वर्षांनी.

आता सांगा, गाडी कुणाची थांबते? लग्न, बदलीवर गेलेला नवरा, बाळंतपण. उजळणी वर्ग पूर्ण केल्याशिवाय कॅस पुढे सरकत नाही. हे वर्ग आता ऑनलाइन होतात, पण माझ्या पिढीला दुसऱ्या शहरात तीन-चार आठवडे राहून करावे लागायचे. तान्हं मूल असलेली बाई म्हणायची, पुढच्या वर्षी करते. तिची बढतीची तारीख एक वर्ष पुढे जायची, आणि त्या एका वर्षामुळे तिच्या पुढच्या सगळ्या तारखा सरकायच्या. माझ्या विभागात माझ्याबरोबर लागलेले सहकारी माझ्याआधी प्रोफेसर झाले ते याच एका कारणानं. आम्हा दोघांत हुशारीचा फरक होता असं तेही म्हणणार नाहीत.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरातल्या सुमारे १५.९८ लाख उच्चशिक्षण अध्यापकांपैकी ४३.४ टक्के महिला आहेत. शिकवायला जवळजवळ निम्म्या. तुमच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतल्या भिंतीवर आजी-माजी कुलगुरूंचे फोटो असतील, एकदा जाऊन बघा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभेवर प्राचार्यांमधून निवडून येणाऱ्या दहा जागांत एक आणि अध्यापकांच्या दहा जागांत एक महिलेसाठी ठेवली. ती आवश्यक होती, ती नसती तर कदाचित एकही आली नसती. पण मी निवडणुकीत पॅनेल ठरताना बसले आहे. 'महिलेची एक झाली ना, मग बाकीच्या खुल्या' असं तिथे उघड बोललं जातं. खुल्या जागेवरही बाई उभी राहू शकते हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे नवलानं पाहतात.

रानजाई, म्हणून मी तुम्हाला 'विश्वास ठेवा स्वतःवर' असं म्हणणार नाही. तुमच्यात काही कमी आहे असं मला वाटतच नाही. तुम्ही प्रोफेसर आहात, आणि तुमच्याकडे सेवेची वर्षं शिल्लक आहेत. या दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या बायका मराठवाड्यात किती असतील? अर्ज करा. नाही झालं तर निवड समितीला निदान एका पात्र बाईचं नाव बाजूला ठेवावं लागेल, आणि ते कागदोपत्री राहील. 'महिला उमेदवारच येत नाहीत' हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे की त्याचा मला आता संताप येतो.

---

कोयनाकाठ

मी घरच्या बाजूबद्दल बोलतो, कारण त्यावर कुणी लिहिलं नाही. माझी बायको सातारा जिल्ह्यात एका कॉलेजची प्राचार्य आहे. अर्ज करताना तिनेही मला विचारलं होतं आणि मी 'तू ठरव' म्हणालो होतो. मला ते मोकळेपणाचं वाटलं होतं. तिनं नंतर सांगितलं की त्या दोन शब्दांनी सगळं ओझं तिच्याच अंगावर टाकलं. मग आम्ही कागद घेऊन बसलो. आईची औषधं कोण आणणार, तिला डॉक्टरकडे कोण नेणार, स्वयंपाकाला बाई किती वाजता येणार, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला कोण जाणार. प्रत्येकापुढे नाव लिहिलं. बहुतेक ठिकाणी माझं आलं. पहिले सहा महिने जड गेले, आता घर त्याच कागदावर चालतं.

ताई, तुमच्या यजमानांना असा कागद करायला बसवा. 'करू का' असं विचारू नका. 'मी गेले तर सोमवार ते शुक्रवार सासूबाईंकडे रात्री कोण' असं विचारा. त्याचं उत्तर द्यावं लागतं. आणि मुलाचं बारावी-नीट या वर्षात संपेल, अधिष्ठातापद पुढची काही वर्षं राहील.

---

तासिका

माझं लिहिणं इथे चालेल ना? मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. नेट आहे, पीएचडी आहे, आणि अजून कायम नाही. समास ताईंनी मांडलेल्या हिशेबात मी पहिल्या पायरीवरही नाही, त्यामुळे कुलगुरू वगैरे माझ्यासाठी फार लांबच्या गोष्टी.

मागे एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, 'मूल लहान आहे, प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चालतात, जमेल का?' माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला जुळी मुलं आहेत. त्याला इलेक्ट्रोकेमिस्ट्री विचारली. समितीत एक मॅडम होत्या. त्या खाली कागदाकडे बघत राहिल्या. मला त्यांचा राग नाही, त्याही बाहेरून बोलावलेल्या होत्या. पण मी बाहेर आल्यावर विचार केला, अध्यक्षांच्या खुर्चीत एखादी बाई असती आणि तिनं 'हा प्रश्न नको' एवढंच म्हटलं असतं, तर समोरच्यांनी पुढचा प्रश्न विषयातला विचारला असता.

रानजाई मॅडम, तुम्ही अधिष्ठाता झालात तर अशा बैठकांत तुम्ही असाल. तुम्हाला तिथे भाषण करायचं नाहीये. मला एवढंच सांगायचं होतं.

---

पळसबन

तासिका, चालेल का असं विचारू नका. हा धागा तुमच्याशिवाय अपुरा राहिला असता.

समास यांच्या हिशेबात मला चूक दिसत नाही. मी स्वतः परीक्षा विभागात आले ते कुणाला तरी घाईनं माणूस हवं होतं म्हणून, नाहीतर त्या दालनाचं दार मी ठोठावलं नसतं हे खरं आहे. म्हणून मला दोन्ही गोष्टी धराव्याशा वाटतात. पायऱ्या लांब ठोकल्या आहेत हे बायकांनी एकत्र येऊन विद्या परिषदेत, अधिसभेत, शासनाकडे मांडलं पाहिजे. आणि रानजाईंनी या आठवड्यात अर्ज पाठवला पाहिजे. एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

धीर कुठून येतो याबद्दल माझं मत अनुभवानं पक्कं झालं आहे. संचालक झाल्यावर पहिल्यांदा निकाल लागले त्या रात्री मला वाटलं, पुढच्या हंगामाचं आपल्याला जमेल. फक्त पुढच्या हंगामाचं. अधिष्ठातापदाचा अर्ज भरताना पुन्हा तीच धाकधूक होती, आणि तीही पहिल्या विद्या परिषदेनंतर ओसरली. काम हातात आल्यावर त्या कामापुरता धीर येतो. घरी बसून तो गोळा करता आला असता तर तुमच्यासारखी बाई इतकी वर्षं थांबली नसती.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मला वाटलं होतं एक-दोघी 'करा, करा' म्हणतील. तुम्ही तर माझी फाइलच उघडून बसलात.

काल रात्री रकाना भरायला घेतला. पळसबन ताईंनी विचारलेलं एकेक आठवत गेले. मूल्यांकन केंद्रावर मुख्य परीक्षक होते. स्थानिक चौकशी समितीवर तीन जिल्ह्यांत गेले आहे. अभ्यास मंडळाची अध्यक्ष आहे, हेसुद्धा मी आधी लिहिलं नव्हतं, कारण ते अभ्यासक्रमाचं काम आहे, प्रशासन नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. नव्या अभ्यासक्रमात वनस्पतिशास्त्राच्या कौशल्य विषयात आम्ही रोपवाटिका आणि औषधी वनस्पतींची लागवड आणली. त्यासाठी जवळच्या कॉलेजांतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण मीच घेतलं. नियुक्तीपत्रं शोधताना कपाटातून एक गठ्ठा निघाला. यजमान शेजारी बसून वर्षांप्रमाणे लावत होते. मध्येच म्हणाले, 'एवढं सगळं तूच केलंस होय?' त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

मग कोयनाकाठ यांचा निरोप त्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. सासूबाईंच्या रात्रीपुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. सकाळच्या डब्यापुढेही लिहिलं. नणंदेला शनिवारी फोन करायचं ठरलं आहे, ती शेजारच्याच गावात असते.

नियुक्तीपत्राची प्रत जोडली आहे. सरांना आज स्टाफरूममध्ये मी स्वतःहून सांगितलं की मीही अर्ज करते आहे आणि नॅकच्या समन्वयकपदाचं पत्र माझ्या अर्जात आहे. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, 'मग मला माझं वाक्य बदलायला हवं.' मी म्हटलं, हो, बदला.

आता दोन अडचणी आहेत. एक, अर्ज योग्य मार्गानं, म्हणजे संस्थेमार्फत, जायला हवा, आणि संस्थेचे सचिव ना-हरकतीवर सही करायला 'अध्यक्षांशी बोलून सांगतो' म्हणताहेत. दुसरी माझ्या संशोधक विद्यार्थ्यांची. तिघांचं काम चालू आहे, त्यातल्या एका मुलीचा प्रबंध वर्षभरात सादर व्हायला हवा. बालाघाटातल्या गवतांवर काम करते आहे ती, आणि पावसाळ्यानंतरची नोंद मी बरोबर असल्याशिवाय होणार नाही. निवड झाली तर त्यांना दुसरा मार्गदर्शक शोधावा लागेल का?

---

पळसबन

आगाऊ प्रत आजच स्पीड पोस्टानं विद्यापीठाकडे पाठवा, वर 'आगाऊ प्रत' असं ठळक लिहा आणि पावती जपून ठेवा. संस्थेला ना-हरकतीची विनंती लेखी द्या, तारखेसह, आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्या विनंतीला तोंडी उत्तरच मिळतं. त्याच पत्रात मूळ पदावरच्या धारणाधिकाराचीही मागणी करा, म्हणजे मुदत संपल्यावर तुम्हाला तुमच्या विभागात परत येता येईल. हे नंतर मागायला गेलात तर जास्त अवघड जातं.

विद्यार्थ्यांना कुठेही पाठवू नका. मी अधिष्ठाता असताना माझ्याकडचे तिघे पीएचडी झाले. सांख्यिकीत रात्री नऊनंतर फोनवर काम भागतं, तुमचं भागणार नाही. तेव्हा दिवाळीच्या आधीच्या आठवड्याची रजा रुजू होण्याच्या दिवशीच कुलगुरूंना सांगून ठेवा. कारण लिहा: क्षेत्रकार्य.

मुलाखतीत सादरीकरण सांगतील. त्यात विद्यापीठाच्या उज्ज्वल भवितव्यावर एकही स्लाइड करू नका, सगळेच करतात. तुमच्या विद्याशाखेतल्या कॉलेजांत कौशल्य विषयासाठी प्रयोगशाळा कुठे आहे, कुठे नाही, आणि पहिल्या वर्षात किती ठिकाणी उभी करता येईल, ते तालुक्यांच्या नावांसकट सांगा. तुम्ही त्या कॉलेजांत समितीवर जाऊन आला आहात. खोलीत बसलेल्यांपैकी बहुतेक जण गेलेले नसतील. सादरीकरण तयार झालं की इथे टाका, आम्ही सगळ्या मिळून बघू.